काचेवरचं हिरवं स्टिकर

काच काढता येत नाही. रेणुका वेल्हाळ कंपनीत नव्याने आलेल्या चित्रकारांना पहिल्याच दिवशी हे सांगून टाकायची आणि त्यांचे पडलेले चेहरे मजेत बघत बसायची. ज्या कामासाठी नेमलं तेच करता येत नाही म्हटल्यावर चेहरे पडणारच.

“काचेला स्वतःचं रूप नसतं,” ती म्हणायची. “तिच्यामागे काय आहे ते काढा, तिच्यावर काय पडलंय ते काढा, तिची कड काढा. मधली काच बघणारा स्वतःच भरून घेतो. एकदम स्वच्छ काच काढलीत तर ती कुणालाच दिसणार नाही.”

मग ती स्क्रीनवर साधा चौकोन काढायची. त्यात वरून खाली विरत जाणारा निळसर ग्रेडियंट. वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी पांढरी पट्टी, आहे की नाही असं वाटावं इतकी पारदर्शक. कडेला केसाएवढी हिरवी रेघ. इथवर सगळ्यांनाच यायचं. शेवटी ती खालच्या बाजूला एक अर्धवट पुसलेला अंगठा उमटवायची आणि चौकोनाची काच व्हायची. हे मात्र तिलाच यायचं.

ही नजर आईकडून आलेली. मालन वेल्हाळ वाईला बांगड्यांचं दुकान चालवायची. कासाराच्या घरातली बाई. बांगडी उन्हात धरली की एका नजरेत तिच्यातला बुडबुडा, तडा, कच्चा रंग सांगायची. रेणुका शाळेतून आली की दुकानाच्या मागच्या दारात बसून बांगड्यांमधून गाळून आलेलं ऊन कागदावर उतरवायची आणि आईला दाखवायची. आईचं उत्तर ठरलेलं असे.

“रंग छान आहे. काच नाही.”

रेणुकाने पंचेचाळिशी ओलांडली, नाव कमावलं, तरी ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलेलं होतं.

आता थोडं विज्ञान सांगणं भाग आहे. कंटाळा करू नका, गोष्ट त्यातच अडकलेली आहे.

टीव्हीच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सगळ्या दिशांना एकच रंग फेकतो. डावीकडून बघा की उजवीकडून, चित्र तेच. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळालं की मेंदू निकाल देतो, हे सपाट आहे. खिडकीचं तसं नसतं. तिच्या प्रत्येक बिंदूतून प्रत्येक दिशेला वेगळा किरण येतो, म्हणून मान जरा हलवली की झाडाआडचं घर उघडं पडतं. डॉ. अभिराम सोवनी या शास्त्रज्ञाने काचेच्या तक्त्यावर एक पापुद्रा चढवला. त्यात प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक असे अब्जावधी खांब होते, आणि वीज मिळाली की प्रत्येक खांब हव्या त्या दिशेला हवा तो किरण फेकू शकत होता. सूर्याचे किरण समांतर येतात, तसे समांतर किरणसुद्धा. त्यामुळे फरशीवर उन्हाचा रेखीव चौकोन पडे आणि तो दिवसभर सरकत जाई. सोवनींनी या तक्त्याला नाव दिलं ‘गवाक्ष’. लोक त्याला आधी खोटी खिडकी म्हणत. मग नुसतं खिडकी म्हणू लागले.

अडचण चित्राची होती. ठिपक्यांनी बनलेलं चित्र हजार दिशांनी दाखवायचं तर हजार चित्रं हवीत, आणि नाक लावून बघितलं की ठिपके दिसतात ते वेगळंच. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात, सूत्रं असतात. इथून तिथवर अशी वक्ररेषा, या रंगातून त्या रंगात असा विरणारा उजेड. यंत्र प्रत्येक दिशेसाठी ते सूत्र नव्याने मांडतं आणि चित्र कुठूनही फुटत नाही. आपोआप चित्रं बनवणाऱ्या यंत्रांमुळे घरी बसलेल्या व्हेक्टर चित्रकारांना त्यामुळे पुन्हा बरे दिवस आले. रेणुकाही सोवनींच्या कंपनीत आली ती अशीच. त्या यंत्रांना उजेडाचं तारतम्य नव्हतं. जगातली सगळी चकाकी त्यांनी एकदमच शिकून घेतली होती आणि ती दिसेल तिथे ओतत.

आणि ही संधी सोडतील तर ते बिल्डर कसले! पूर्वी प्रत्येक खोलीला खिडकी लागायची, म्हणून इमारत फार जाड करता येत नसे. गवाक्ष आलं आणि खिडकीला पर्याय म्हणून मंजूरही झालं. मग खाडीपलीकडच्या नव्या शहरात अशा इमारती उठल्या की ज्यांच्या पोटात, चारी बाजूंनी दुसऱ्यांची घरं असलेली घरं होती. त्यांना ‘आतली लाइन’ म्हणत. मंजुरीला अटी दोनच. एक, प्रत्येक घराला डक्टच्या बाजूला एक खरी, हातोडीने फोडता येईल अशा साध्या काचेची आपत्कालीन खिडकी हवी. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली, नळ खेळवलेली उभी विहीर. तिच्या भिंतीला लोखंडी शिडी. आणि दोन, प्रत्येक गवाक्षाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढं हिरवं चिन्ह हवं. त्यावर ठळक अक्षरं: हे चित्र आहे. इथून बाहेर जाता येत नाही.

नियम चांगले होते. नियम नेहमी चांगलेच असतात.

गुडघे गेल्यावर मालनबाईंनी दुकान बंद केलं आणि रेणुकाने त्यांना आपल्याकडे आणलं. रेणुका आतल्या लाइनीत एकटी राहत होती. लग्न कधीतरी झालं होतं, कधीतरी मोडलं होतं. त्याचं इथे काही काम नाही.

मालनबाई दारातून आत आल्या, चारी भिंतींकडे बघितलं आणि पिशवी खाली न ठेवता म्हणाल्या, “खिडकी कुठाय?”

“ही काय. आमच्या कंपनीची.” रेणुकाने हॉलमधलं गवाक्ष दाखवलं. समुद्र होता, लाटा होत्या, लांब एक होडी.

“टीव्ही आहे तो.”

“टीव्ही नाही गं. मान हलवून बघ.”

मालनबाईंनी मान हलवली. होडी खडकाआडून बाहेर आली. त्या पुढे गेल्या, मागे आल्या. “दिसतंय खरं. पण भिंतीला भगदाड पाडल्यागत वाटतंय. एवढा समुद्र नि वारा नाही. गरगरायला लागलं मला.” मग त्यांनी स्वयंपाकघराच्या टोकाची आपत्कालीन खिडकी बघितली. बाहेर काळोख, ओले नळ आणि कबुतरांची घाण. “आणि ही एक कबुतरांची. रेणू, खिडकी नसलेलं घर म्हणजे पेव गं. धान्य ठेवतात त्यात, माणसं नाही. दिवाळीपर्यंत राहते, मग मला वाईला खोली बघून दे.”

वाईला आता त्यांचं कोणी उरलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरून त्या दुपारभर तशाच पडून होत्या, शेजारणीला संध्याकाळी कळलं. आई परत एकटी राहायला गेली तर पुढच्या वेळी फोन कसला येईल हे रेणुकाला न सांगता कळत होतं. दिवाळीच्या आत आईला पटेल अशी खिडकी करायची, नाहीतर आई हातची जायची. एवढं एकच तिला दिसत होतं.

आई म्हणाली त्यात शास्त्र होतं. तक्रारी इतरांच्याही येत होत्या: चक्कर येते, डोकं दुखतं. देखावा खरा, पण पापुद्र्याची चकाकी देखाव्यात येऊ नये म्हणून मुद्दाम मारलेली. डोळे सांगत बाहेर उघडं आहे, कातडी सांगे वारा नाही, आणि मेंदू या भांडणात दमून जाई. वारा का येत नाही, याचं काहीतरी कारण त्याला हवं होतं.

“काच!” रेणुका सोवनींच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली. “सर, आपण सगळं काढलं, काच काढलीच नाही. काच दिसली की वारा का नाही हे कुणी विचारणार नाही.”

पुढचे महिने ती काचेत बुडाली. देखाव्यावर तिने नवा लेअर चढवला. बघणारा सरकला की काचेवरची तिरकी चकाकी उलटीकडे सरके. दुपारी पश्चिमेचं ऊन आलं की एरवी न दिसणारी धूळ उजळे. कडेला काच बसवायच्या पुटीनचा ओघळ, एका जागी रंगाऱ्याच्या ब्रशचा शिंतोडा, आणि छातीच्या उंचीवर, कुणा पोराने कपाळ टेकवून बाहेर बघितलं असावं तसा तेलकट डाग. देखावाही तिने बदलला. वाईच्या दुकानाच्या मागच्या दारातून दिसायचा तोच: चिंच, तिच्याखाली खेळणारी पोरं, पलीकडे वाळत घातलेल्या गोधड्या, मागे पांडवगड.

सगळं जमलं आणि कोपऱ्यातल्या हिरव्या चिन्हाने घात केला. ते सपाट होतं. काच आहे म्हणून डोळे निवांत होत, आणि लगेच त्या चिन्हावर ठेचकाळत. चाचणीला आलेली माणसं पुन्हा म्हणू लागली, पडदा आहे.

“काढून टाकता येणार नाही,” सोवनी म्हणाले. “रंग, माप, अक्षरं, सगळं नियमात ठरलेलं आहे.”

“काढायचं कशाला? चिकटवू या,” रेणुका म्हणाली.

तिने चिन्हाखाली केसभर सावली टाकली. वर प्लॅस्टिकची मऊ चकाकी दिली, एका जागी हवेचा बारीक फुगा ठेवला. वरचा कोपरा किंचित उचलला आणि त्याखालून गोंदाचा पिवळटपणा दाखवला. रंग तोच, माप तेच, अक्षर न अक्षर तेच. पण आता ते चित्रावरचं चिन्ह नव्हतं. खऱ्या काचेला लावलेलं, निघत आलेलं स्टिकर होतं. कुठल्याही कसलेल्या चित्रकाराने हेच केलं असतं. चित्रात एक गोष्ट सुटी सुटी पडली की त्याच्या हाताला चैन पडत नाही, मग ती गोष्ट धोक्याची पाटी का असेना.

मंजुरी द्यायला आलेल्या बाईंनी मापाने चिन्ह मोजलं, अक्षरं वाचली आणि सही करण्याआधी सहज त्या उचललेल्या कोपऱ्याला नख लावलं. नख घसरलं. त्या दचकल्या, मग खो खो हसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “नियमात सावली नको असं कुठे लिहिलंय?” सोवनी म्हणाले, आणि त्यावरही हशा पिकला.

नवं गवाक्ष घरी बसवलं त्या दिवशी मालनबाईंनी आधी सगळं लांबून बघितलं. चिंच बघितली, गोधड्या बघितल्या. मग एकदम जवळ गेल्या आणि सवयीने एक डोळा मिटून काच बघू लागल्या. रेणुका दाराशी उभी.

“काच चांगली आहे,” मालनबाई म्हणाल्या. “जरा पुसायला हवी.”

रेणुका बाथरूममध्ये जाऊन रडली. आनंदाने.

दिवाळी आली, गेली. वाईच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. मालनबाई सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसत, उन्हाचा चौकोन सरकेल तशी खुर्ची सरकवत. गुडघ्यांना ऊन लागतं म्हणत. लागतही असे, सोवनींनी त्यात उष्णतेचे किरण घातले होते.

एक दिवस रेणुका घरी आली तर आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन गवाक्षासमोर घाम पुसत उभी.

“कुठल्या कंपनीचा गोंद आहे गं हा? सकाळपासून घासतेय, तेवढं स्टिकर काय निघंना बघ.”

मालनबाईंना वस्तूवर राहिलेलं स्टिकर खपत नसे. नवं पातेलं आणलं की गॅसवर धरून, नखाने खरवडून, गोंद तेलाने पुसून काढल्याशिवाय त्यात त्या पाणीसुद्धा घेत नसत. “आई, ते चित्र आहे,” रेणुका हसत सुटली. “काचसुद्धा चित्र आहे. मीच काढलंय सगळं.”

“माहितीय की. मी काय खुळी आहे?” मालनबाई रागावल्या. “चित्र आहे हे मला कळतं. पण हाताला कोण सांगणार?”

पुढच्याच आठवड्यात जाता जाता त्या पुन्हा त्या कोपऱ्याला नख लावताना दिसल्या.

त्या वेळी मात्र रेणुका हसली नाही. ते स्टिकर कशासाठी होतं ते तिला आठवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने फाइल उघडली आणि चिन्हाखालची सावली काढून बघितली. त्याच क्षणी काच मेली. चिंच गेली, ऊन गेलं, राहिला तो टीव्ही. आई पिशवी भरताना तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने फाइल सेव्ह न करता बंद केली. तेवढंच तिने केलं. त्या महिन्यात नवं गवाक्ष हजारो घरांत गेलं.

आग लागली ती भर दुपारी. खालच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि धूर जिन्यांतून वर चढला. ज्वाळा वरच्या मजल्यांपर्यंत पोचल्याच नाहीत. तशी गरजही नव्हती.

रेणुकाचा फोन वाजला तेव्हा ती मीटिंगमध्ये होती.

“रेणू, घरात धूर झालाय गं. लाइट गेली.” मालनबाईंना खोकल्याची उबळ आली. “दार उघडलं तर जिन्यातून अजूनच आला. दार लावून खिडकीशी आलेय.”

“कुठल्या खिडकीशी?” रेणुका उठून उभी राहिली. “आई, ती नाही! कबुतरांची! स्वयंपाकघरातली! तिथे हातोडी टांगलीय, काच फोड आणि शिडीवर ये. कोणीतरी घेईल तुला.”

“तिकडं अंधार आहे. काही दिसत नाही. इथं ऊन आहे.”

गवाक्षाला स्वतःची बॅटरी होती. लाइट गेली तरी ऊन जात नाही, अशी तिच्या कंपनीची जाहिरात होती.

“आई, ते चित्र आहे. ऐकतेस का? मागे भिंत आहे. चित्र आहे ते!”

“होय, होय,” आई म्हणाली. आवाज जड झाला होता. “काच वाढवायला लागंल. बत्ता घेतलाय. फार जाड नसेल.” बांगडी फोडली असं त्यांच्या घरात कोणी म्हणत नसे, वाढवली म्हणत. “पोरं आहेत चिंचेखाली. त्यांना हाक मारते, कुणाला तरी बोलावतील.”

आणि रेणुकाने फोनवर ऐकलं, तिची आई तिने काढलेल्या पोरांना हाका मारत होती. “ए बाळांनो! इकडं बघा रे! इकडं!” ती पोरं बघणार नव्हती. मान वर करायचं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मग काचेवर बत्ता आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आला. रेणुका ओरडत राहिली, “स्वयंपाकघरात जा, आई, स्वयंपाकघरात,” सगळं ऑफिस तिच्याभोवती गोळा झालं, आणि नंतर फोनमध्ये ऐकायला काही उरलं नाही.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्त जो प्राणवायू मेंदूला पोचवतं, त्याची जागा तो बळकावतो. माणूस लगेच कोसळत नाही. आधी जातो तो विचार: हे कशामुळे, ते कशासाठी, आपल्याला काय सांगितलं होतं. सवय मात्र शेवटपर्यंत टिकते. पाय रोज जिथे जायचे तिथे जातात, डोळे रोज ज्याला खिडकी म्हणायचे त्याला खिडकी म्हणतात. हिरव्या चिन्हावरची अक्षरं विचार करणाऱ्या मेंदूसाठी लिहिलेली होती. त्याखालची सावली सवयीशी बोलत होती.

चौकशी समितीपुढे हे सगळं डॉ. सोवनींनीच समजावून सांगितलं, फार छान सांगितलं. समितीने चिन्ह मोजलं. माप बरोबर होतं. आपत्कालीन खिडक्या सगळ्या घरांत जागेवर होत्या, हातोड्या टांगलेल्या होत्या, बहुतेक घरांत त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. माणसं सापडली ती गवाक्षांपाशी. कुणाच्या हातात खुर्ची होती, कुणाच्या वरवंटा. नियम मोडलेला कुठेच आढळला नाही, तेव्हा दोषी कोणीच नव्हतं.

साक्षीला रेणुकाच्याच मजल्यावरचे लोखंडे आले होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते आणि त्यांची बायको डक्टच्या शिडीने उतरले होते. त्यांच्याकडे पहिलं, काचेचं चित्र नसलेलं गवाक्ष होतं. बाहेरच्या बाकावर रेणुकाला बघून ते शेजारी येऊन बसले.

“मावशींचं ऐकलं. वाईट झालं,” ते म्हणाले. “मॅडम, आमची खिडकी खोटीच दिसायची हो. डोकं दुखायचं. तुमच्या कंपनीला किती वेळा फोन केला, मावशींसारखी बदलून द्या म्हणून. नंबर लागला नाही आमचा. म्हणून वाचलो बघा. तिकडे जावं असं मनातच आलं नाही.”

त्यांना बोचून काही बोलायचं नव्हतं. सरळ माणूस होता. रेणुकाने मान हलवली.

समितीची शिफारस आली. सोवनी स्वतः रेणुकाच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. चौकशीच्या दिवसांत माणूस खंगला होता. “रेणुका, मला माहीत आहे ही वेळ नाही. पण हे तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. धुरात लोक उजेडाकडे जातात. समितीचं म्हणणं, आपत्कालीन खिडकी उजळ हवी, ओळखीची वाटायला हवी. त्या खऱ्या काचेवर आपला पापुद्रा चढवू. मागचा डक्ट दिसणार नाही. ऊन, झाड, काहीतरी. लोक तिकडे वळतील.”

“खऱ्या खिडकीवर खिडकीचं चित्र,” रेणुका म्हणाली.

“जीव वाचतील.”

वाचतीलही. तिला हो म्हणता येईना आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. ती उठून गेली.

घराची शेवटची पाहणी करायला समितीबरोबर जावं लागलं तेव्हा भिंती काळ्या झालेल्या होत्या. गॅसशेजारचा खल रिकामा. कबुतरांच्या खिडकीची काच धड होती, तिच्यावर काजळी धरली होती. कंपनीच्या इंजिनिअरने हॉलमध्ये बॅटरी जोडली.

गवाक्षाच्या मध्यभागी मोठं भोक पडलेलं होतं. बाई बांगड्यांच्या धंद्यातली, कुठे मारलं की काच जाते हे हाताला ठाऊक. भोकामागे विटा होत्या. विटांवरही बत्त्याचे घाव होते, एकाशेजारी एक, खालचे खालचे उथळ होत गेलेले.

समितीतल्या कुणीतरी फोटो काढले. बाकीचे स्वयंपाकघराकडे गेले.

रेणुका तिथेच राहिली. वीज मिळाल्यावर तक्त्याचा खालचा उजवा कोपरा उजळला. तेवढाच शाबूत होता. चिंचेची सावली होती, पोरांचे खेळणारे पाय होते, फरशीवरच्या काजळीत उन्हाचा हातभर तुकडा पडला होता. आणि ते स्टिकर होतं. हे चित्र आहे. इथून बाहेर जाता येत नाही. वरच्या कोपऱ्याशी पिवळट, तेलकट डाग होते. त्यातले कुठले आईच्या खोबरेलाचे आणि कुठले आपण काढलेल्या गोंदाचे, हे तिला सांगता येईना.

ती खाली बसली. सावली तिची होती, फुगा तिचा, गोंदाचा पिवळटपणा तिचा. एकेका रेषेचं सूत्र तिला पाठ होतं. तिने हात पुढे केला आणि त्या उचललेल्या कोपऱ्याखाली नख घातलं.

नख घसरलं. थोडंसंच राहिलंय, असं तिला वाटलं. तिने दुसऱ्या बाजूने नख घातलं.